दोन डाव्या बाह्या

धाकटीने आयुष्यात स्वतःच्या अंगाचं माप कधी घेतलं नव्हतं. तशी गरजच पडली नाही. थोरलीला समोर उभं करायचं, टेप लावायचा, आणि जो आकडा येईल तो दोघींचा. कापडही दोघींचं एकदमच बेतलं जायचं. दुहेरी घडी घालायची, वर खडूच्या रेघा मारायच्या आणि एकाच कात्रीत दोन कोट कापून मोकळं व्हायचं. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या त्यांच्या शिवणाच्या दुकानात हे इतकी वर्षं चाललं होतं की आपल्यालाही वेगळी कंबर आहे, वेगळे खांदे आहेत, हे धाकटी जवळजवळ विसरलीच होती. विसरणे हा शब्द तेव्हा तिला टोचत नसे.

जुळ्या होत्या दोघी. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, इतक्या सारख्या. थोरली पाऊण तासाने थोरली, पण तेवढ्या पाऊण तासाच्या भांडवलावर तिने जन्मभर ताईपणा केला. लहानपणी काचेचा दिवा फोडला धाकटीने. आई विचारायला आली तेव्हा थोरली पुढे झाली, ‘मी फोडला.’ शिवणाच्या वर्गात भलत्याच ठिकाणी काज पाडलं धाकटीने. बाईंचा मार खाल्ला थोरलीने. ‘माझं नाव सांग,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि तोंडवळा सारखा असल्यामुळे ते नेहमी खपून जायचं.

फरक म्हणाल तर एकच. थोरली डावखुरी होती. समोरासमोर जेवायला बसल्या की एकीचा डावा हात आणि दुसरीचा उजवा एकदम वर उठे, आणि नव्या माणसाला वाटे, मध्ये आरसा आहे की काय. दुकानात मात्र या फरकाचा उपयोग झाला. कापडाची उलटी बाजू ओळखू यावी म्हणून प्रत्येक तुकड्यावर खडूची एक तिरकी रेघ मारायची, हा त्यांचा नियम. धाकटीची रेघ उजवीकडे कललेली असायची, थोरलीची डावीकडे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आधी अस्तर उसवायचं, आतली रेघ बघायची, आणि जिची रेघ तिने मुकाट बोलणी खायची. त्यात वाद नाही, रडारड नाही. कोर्टकचेऱ्यांना असा नियम सापडला असता तर निम्मे वकील उपाशी मेले असते.

धाकटीचा नवरा गेल्यावर ती दुकानाच्या वरच्या खोल्यांत थोरलीपाशी राहायला आली. थोरलीने लग्न केलंच नव्हतं. ताईपणा करायला एक धाकटी पुरे, असं ती म्हणायची. धाकटीची लेक शाळेत शिकवायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन दोघींना दम द्यायची. दिवस बरे चालले होते.

मग थोरलीचं काहीतरी हुकायला लागलं. सुरुवातीला दोघी हसल्या. कात्री साखरेच्या डब्यात सापडली तेव्हा थोरलीच म्हणाली, ‘गोड बोलून कापायचं असेल कुणाला तरी.’ एकाच गिऱ्हाइकाला तिने एका बैठकीत तीनदा विचारलं, बटणं काळी की तपकिरी? गिऱ्हाईक चिडलं, धाकटीने सांभाळून घेतलं. म्हातारपण आहे, साठी कधीच उलटली, कुणाचं डोकं शाबूत राहतं? असं ती स्वतःला समजावत राहिली. मनातून मात्र तिला आई आठवत होती. आईही अशीच. शेवटची काही वर्षं खिडकीत बसून एकच टॉवेल घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची, आणि समोर आलेल्या प्रत्येकाला विचारायची, ‘माझ्या मुली कुठे गेल्या?’ समोर मुलीच असायच्या.

आरशाचा प्रकार घडला तो एका दुपारी. दुकानात गिऱ्हाइकांसाठी तीन फळ्यांचा उभा आरसा होता. त्यात माणूस समोरून आणि दोन्ही बाजूंनी दिसे. धाकटी चहा घेऊन जिना उतरत होती. खालून थोरलीचा आवाज येत होता, छान गप्पांच्या सुरात. ‘अगं, बस ना. उभी का तू? किती वाळलीस गं.’ कुणी गिऱ्हाईक आलं असेल म्हणून धाकटी आणखी एक कप आणायला वळणार होती. पण दुकानात कुणी नव्हतं. थोरली आरशासमोर स्टूल ओढून बसली होती आणि आरशाशी बोलत होती.

‘ताई,’ धाकटीने हाक मारली.

थोरलीने वळून पाहिलं. परक्या बाईकडे पाहून हसतात तसं हसली. ‘या, या. ही माझी धाकटी बहीण,’ असं म्हणून तिने आरशाकडे हात केला.

धाकटीने चहा जिन्याच्या पायरीवर ठेवला. वेड्या माणसांना आरशात भुतं दिसतात, असं तिने ऐकलं होतं. पण थोरलीला भूत दिसत नव्हतं. तिला जे दिसत होतं ते बरोबरच होतं. आरशातला चेहरा धाकटीचाच तर होता. अशी चूक जगात फक्त या दोघींपैकीच एकीला करता आली असती. घाबरावं कशाला, हे धाकटीला कळेना; आपली बहीण आपल्याला ओळखत नाही म्हणून, की आरशातल्या तिन्ही फळ्यांत बसलेली ती म्हातारी खरोखर आपणच आहोत म्हणून.

त्याच आठवड्यात बाह्यांची भानगड निघाली. एका वकीलबाईंचा राखाडी कोट द्यायचा होता. धाकटीने बाह्या जोडायला घेतल्या, एक बसली, दुसरी काही केल्या मुंढ्यात बसेना. उलटीपालटी करून पाहिल्यावर लक्षात आलं, दोन्ही बाह्या डाव्या. कापड घडी न घालता, दोन्ही थर सुलटेच ठेवून कुणीतरी कापलं होतं. शिवणाच्या वर्गातली पोरसुद्धा पहिल्या महिन्यानंतर ही चूक करत नाही.

‘ताई, या तू कापल्यास ना?’

थोरलीने बाह्या हातात घेतल्या, निरखल्या. ‘मी नाही कापल्या.’

‘बरं.’

‘आईशपथ नाही कापल्या गं!’

‘बरं, नाही तर नाही,’ धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात तो मऊपणा आला, जो माणूस आजाऱ्याशी बोलताना वापरतो आणि आजाऱ्याला जो सर्वांत जास्त लागतो. थोरलीने बाह्या खाली ठेवल्या. धाकटीने उरलेल्या कापडातून नवी उजवी बाही काढली आणि जादा झालेली डावी चिंध्यांच्या पिशवीत टाकली. रेघ बघायचं तिच्या मनातही आलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

लेकीने दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं पोक्त. थोरलीला त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं; थोरलीने सगळे आकडे एका बाजूला गोळा केले आणि म्हणाली, ‘दुसरी बाजू धाकटी काढेल.’ मेंदूचे फोटो झाले, प्रश्नोत्तरं झाली. मग थोरलीला नर्सबरोबर बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी तो शब्द उच्चारला, जो आईच्या वेळी कुणी उच्चारला नव्हता. अल्झायमर.

‘एक नवं औषध आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आजार बरा होत नाही, पण वेग थोडा कमी होतो. सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, आणि तुमच्या बहीण अजून त्या टप्प्यात आहेत. पण त्याआधी रक्ताची तपासणी लागते. एक जनुक असतं, प्रत्येकात त्याच्या दोन प्रती. एक आईकडून, एक वडिलांकडून. त्याचा एक प्रकार जोखमीचा. एक प्रत तशी असेल तर या आजाराची शक्यता वाढते, दोन्ही असतील तर खूपच वाढते. आणि दोन्ही तशा असतील तर हे औषध आम्ही देत नाही. मेंदूत सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका फार.’

‘म्हणजे कापडातच खोट,’ धाकटी म्हणाली.

‘खोट नका म्हणू. कापड विरळ आहे म्हणा. फाटेलच असं नाही. दोन्ही प्रती असून शेवटपर्यंत टणटणीत राहिलेली माणसं आहेत, आणि एकही नसताना आजार झालेली तर कितीतरी.’ मग त्या थांबल्या. समोरच्या बाईचा चेहरा आणि बाहेर बसलेल्या बाईचा चेहरा त्यांनी मनात शेजारी ठेवून पाहिला असावा. ‘तुम्ही एकसारख्या जुळ्या. म्हणजे त्यांचा निकाल तोच तुमचा निकाल. आणि दोन्ही प्रती निघाल्या, तर त्यातली एक तुमच्या मुलीकडे नक्की गेलेली. हे जाणून घ्यायचं नसेल तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.’

‘मला नाही जाणून घ्यायचं,’ धाकटी ताडकन म्हणाली.

पण बोलता बोलताच तिला उमगलं. तिला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. औषध मिळालं तर एक अर्थ, नाकारलं तर दुसरा. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ थोरलीच्या औषधासाठी उघडावीच लागणार होती. डॉक्टरीणबाई पुढेही बरंच बोलत होत्या, लेक मान डोलावत होती. धाकटीच्या कानात मात्र ते एकच वाक्य फिरत राहिलं. त्यांचा निकाल तोच तुमचा.

पुढचे काही दिवस तिला घरात वावरणं नको झालं. थोरली जिन्यावर थबकली की ही मनात पायऱ्या मोजू लागे. थोरली चमचा हातात धरून ‘याला काय म्हणतात’ अशा नजरेने बघू लागली की ही मनातल्या मनात घाईघाईने म्हणे, चमचा, चमचा, चमचा. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढचा ज्या खड्ड्यात पडला त्याच खड्ड्याकडे आपले पाय बांधून नेत असतील, तर मागच्याने शहाणं होऊन करायचं काय? वडिलांची तिला कधी आठवण येत नसे, ते तरुणपणीच गेले होते. आता ती त्यांच्यावर चिडली. विसरण्याइतकं जगलेच नाहीत. नाही तर त्यांनी काय देऊन ठेवलं ते तरी कळलं असतं.

एका दुपारी तिने थोरलीच्या नकळत आरशावर चादर टाकली. थोरली आली, चादरीसमोर उभी राहिली आणि लहान मुलासारखी कासावीस झाली. ‘धाकटी कुठे गेली? धाकटीला कुठे नेलं?’ धाकटी पुढे झाली, ‘ही काय मी.’ थोरलीने तिच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी चादर काढावी लागली. थोरलीने आरशाच्या काचेवरून हात फिरवला, म्हणाली, ‘घाबरलीस होय? मी आहे ना.’

लेक म्हणाली, ‘आई, मला तरी कुठे कळून घ्यायची हौस आहे? पण आपली भीती जपायला मावशीचं औषध अडवायचं का?’

धाकटीने होकार दिला.

पहिल्यांदा रक्त द्यायला गेल्या तेव्हा थोरलीने दवाखाना डोक्यावर घेतला. आयुष्यभर सुयांशी खेळलेली बाई, पण सुई दंडाजवळ येताच तिने असा हिसका दिला की ट्रे खाली, नळ्या खाली, आणि रक्त घेणारा मुलगा भिंतीला. ‘मला टोचतायत, धाकटे, मला टोचतायत!’ तिच्या दंडावर नुसताच ओरखडा उठला. धाकटीला ते पाहवेना.

‘अरे बाबा,’ ती रक्तवाल्याला म्हणाली, ‘आम्ही जुळ्या. जनुक काय ते एकच. माझं घे की.’

तो हसला. ‘आजी, असं चालत नाही. ज्याच्या नावाची नळी त्याचंच रक्त. पुढच्या आठवड्यात शांत करून आणा त्यांना.’

पुढच्या आठवड्यात लेकीला शाळा होती. धाकटी एकटीच थोरलीला घेऊन गेली. दोघींच्या अंगात तेच निळे कोट, एकाच कात्रीतले. बाकावर बसल्या बसल्या थोरलीला भिंतीवरच्या माशांच्या चित्राने गुंतवलं. समोर आज नवी मुलगी होती. तिने थोरलीचं नाव पुकारलं.

धाकटी उठली.

तिने फार विचार केला असं नाही. थोरली त्या चित्रातल्या माशांना नावं ठेवण्यात रमली होती, तिच्या दंडावरचा ओरखडा अजून लाल होता, आणि माप बहिणीवर घेतलं की झालं, हे तर हातात मुरलेलं. मुलीने जन्मतारीख विचारली, तिने सांगितली. ती खरीच होती. मुलीने कार्डावरचा फोटो पाहिला, मग हिचा चेहरा पाहिला. तोही खराच होता. फक्त नाव विचारलं तेव्हा धाकटीने थोरलीचं नाव सांगितलं. लहानपणापासून परवानगी होती तिला. सुई टोचली, नळी भरली. बाहेर येऊन ती थोरलीला म्हणाली, ‘झालं हो, टोचून. रडली नाहीस, शहाणी ती.’ थोरलीला आपण शहाण्यासारखं वागल्याचा आनंद झाला. उगाच जिवाला किती घोर लावला आपण, असं धाकटीला वाटलं. घरी येईपर्यंत ती स्वतःवर खूश होती.

निकालाच्या दिवशी थोरलीला शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंपाशी ठेवून मायलेकी गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

‘दोन्ही प्रती,’ त्या म्हणाल्या. ‘वाईट वाटतं. हे औषध त्यांना देता येणार नाही. पण बाकी पुष्कळ करता येतं, ते आपण बोलू.’

धाकटीने लेकीचा हात धरला. लेकीने तो घट्ट दाबला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शाबूत होता. ‘म्हणजे माझ्याकडे एक.’

‘हो. आणि तुमच्या आईंकडे दोन. पण माझं ऐका.’ डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. ‘जनुक म्हणजे नशीब नव्हे, हे मी सगळ्यांना सांगते, कुणाला पटत नाही. तुमच्यासमोर तर पुरावाच बसलाय. तेच जनुक, तेच वय, तेच घर. मावशी आजारी, आणि आई बघा, दुकान चालवताहेत, बहिणीला सांभाळताहेत. यांच्याकडे बघत जा.’

लेक आईकडे बघून ओलं हसली. कितीतरी दिवसांनी हसली. धाकटीलाही बरं वाटलं. खरंच की, मी आहे की टणटणीत.

‘दुसरी तपासणी अपेक्षेप्रमाणेच आली,’ डॉक्टरीणबाई कागद उलटत म्हणाल्या. ‘ते प्रथिन बरंच वाढलंय. म्हणजे निदानाबद्दल शंका उरली नाही.’

‘कुठली दुसरी?’ धाकटीने विचारलं.

‘त्याच नळीतली. जनुक फक्त जोखीम सांगतं. हे प्रथिन सांगतं की आजाराने मेंदूत घर केलंय की नाही. लक्षणं दिसायच्या कितीतरी आधीपासून ते रक्तात चढायला लागतं. तुमच्या बहिणीच्या रक्तात ते स्पष्टच आहे.’

खोलीत पंखा फिरत होता. धाकटीच्या कोपराच्या आतल्या बाजूला, सुई टोचली होती तिथे, अजून पिवळसर डाग होता. तिने बाही खाली ओढली.

‘हे मला कुणी सांगितलंच नाही,’ ती म्हणाली.

लेकीने नवलाने तिच्याकडे पाहिलं. ‘अगं आई, असं काय? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्यांनी. दोनदा सांगितलं. तू मान हलवत होतीस.’

परत येताना लेक बोलत होती. मावशीसाठी दिवसा कुणी बाई ठेवू, जिन्याला कठडा लावू, शेगडीला कुलूप. ‘तू आहेस म्हणून धीर आहे, आई,’ ती म्हणाली. ‘तू नसतीस तर मावशीचं काय झालं असतं?’ धाकटी हो हो म्हणत राहिली. आपल्या पोटच्या पोरीला आज पहिल्यांदा जो आधार मिळाला होता, तो आपल्याच टणटणीत डोक्याचा होता, आणि ते डोकं टणटणीत नव्हतं. बोललं तर पोरीच्या पायाखालची जमीन जाणार. न बोललं तर एक दिवस शेगडीचं कुलूप हिच्याच हातून उघडं राहणार, आणि घरात थोरली असणार. ती आयुष्यात इतकी कधी घाबरली नव्हती.

दुकानात आल्यावर लेक चहा टाकायला वर गेली. चष्म्याच्या दुकानातल्या बाई थोरलीला आणून सोडून गेल्या, आणि थोरली सवयीने आरशासमोर जाऊन बसली. धाकटी मागच्या खोलीत शिरली आणि तिने चिंध्यांची पिशवी जमिनीवर उपडी केली. राखाडी बाही तळाशी होती. तिने ती उलटी केली, खांद्याची बाजू वर धरली, आणि खिडकीपाशी नेली.

खडूची रेघ पुसट झाली होती, पण होती. उजवीकडे कललेली.

धाकटी तिथेच पेटीवर बसली. मी नाही कापल्या, असं म्हणाली होती थोरली. आईशपथ म्हणाली होती. तिचं डोकं गेलं होतं, पण त्या दिवशी ती खरं बोलत होती, आणि शाबूत डोक्याच्या बहिणीने तिला ‘बरं, नाही तर नाही’ म्हणून गप्प केलं होतं. धाकटीला रडू फुटलं. स्वतःसाठी किती आणि थोरलीसाठी किती, ते तिला सांगता आलं नसतं.

बाहेरून थोरलीचा आवाज येत होता. आरशातल्या धाकटीची ती विचारपूस करत होती. ‘जेवलीस का? आज तोंड का उतरलंय?’

धाकटी बाही घेऊन बाहेर आली. आरसा आणि थोरली यांच्या मधल्या जागेत, काचेला पाठ लावून, ती जमिनीवर बसली. आता थोरलीला आरशात बघायचं तर धाकटीला ओलांडूनच बघावं लागणार होतं. थोरली जरा गोंधळली, वाकून मागे बघू लागली, मग तिची नजर खाली आली आणि धाकटीवर स्थिरावली.

‘अगं, रडतेस काय?’

‘ताई, या बाह्या मी कापल्या होत्या. दोन्ही डाव्या. मी कापल्या आणि आळ तुझ्यावर घेतला.’

‘कुठल्या बाह्या?’ थोरलीने बाही हातात घेतली, उलटी केली, डाव्या हाताचा अंगठा शिवणीवरून फिरवला. तिला काही आठवत नव्हतं, हे उघड दिसत होतं. पण समोरची रडते आहे, आणि तिच्या हातून काहीतरी बिघडलं आहे, एवढं तिला कळलं. ‘कुणी रागावलं का तुला?’

‘नाही.’

‘रागावतील. कापड महाग आहे.’ थोरलीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. ‘तू बोलूच नकोस. माझं नाव सांग.’

‘सांगितलं ताई,’ धाकटी म्हणाली. ‘तुझंच नाव सांगितलं.’

जिन्यावर लेकीची पावलं वाजली. ती चहाचा ट्रे घेऊन उतरली आणि आई अशी जमिनीवर बसलेली पाहून शेवटच्या पायरीवर थांबली. ‘काय झालं? आई? पडलीस का?’

धाकटीने डोळे पुसले. उठायला गेली, पण उठली नाही.

‘ट्रे ठेव आधी खाली,’ ती म्हणाली. ‘नळीतलं रक्त मावशीचं नव्हतं. मी दिलं होतं ते, तिचं नाव सांगून. ते दोन्ही निकाल माझे आहेत.’

लेक ट्रे हातात धरूनच उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग पुन्हा आईकडे. कपातला चहा ट्रेमध्ये सांडत होता.

थोरली स्टुलावरून उठली. बाही तिने पाठीमागे लपवली आणि धाकटीच्या पुढे येऊन उभी राहिली.

‘तिला काही बोलू नका हं,’ ती म्हणाली. ‘माझंच होतं ते.’